अण्णांचा नंबर

माझ्या फोनमध्ये ‘अण्णा’ या नावाखाली एक नंबर साठवलेला आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, २०१६ च्या पावसाळ्यात गेले आणि त्यानंतर त्या नंबरवरून येणारा आवाज आईचा असे. नाव बदलावे असे अनेकदा मनात आले आणि प्रत्येक वेळी ते राहून गेले. २०२४ च्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी कोल्हापूरहून मामांचा फोन आला. दिवाळी झाली, आता आई गावी परतली असेल, असे धरून त्यांनी तिला फोन लावला होता. जरा घाबऱ्या आवाजात त्यांनी विचारले, “अरे, अक्का कुठं आहे? तिचा फोन कुणीतरी भलताच माणूस उचलतोय.” अक्का, म्हणजे माझी आई, त्या वेळी पुण्यात माझ्या समोर मेथी निवडत बसली होती. मी तिथल्या तिथे ‘अण्णां’ना फोन लावला. दोन रिंगांनंतर एका तरुणाचा आवाज आला, मागे ट्रॅक्टरची घरघर चालू होती. त्याने अगदी सौजन्याने सांगितले की हा नंबर आता त्याचा आहे, त्याने तो दहा-बारा दिवसांपूर्वीच घेतला आहे, आणि तेव्हापासून रोज कोणी ना कोणी त्याला अक्का, काकू नाहीतर वहिनी म्हणून हाका मारते आहे.

हे कसे घडले याचा हिशेब जुळवायला मला दोन दिवस लागले. गुढीपाडव्यानंतर आई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला आली होती. आधी एक डोळा, महिन्याभराने दुसरा, मग पावसाळा, मग गणपती, असे करता करता ती दिवाळीपर्यंत राहिली. तिचा बटणांचा फोन कराडजवळच्या आमच्या गावी, लोखंडी कपाटात साड्यांच्या घड्यांखाली पडून होता, कारण इथे तिला त्याची गरज नव्हती. ज्याला तिच्याशी बोलायचे असे तो माझ्या किंवा माझ्या पत्नीच्या फोनवर बोलत असे. त्या फोनचे रिचार्ज मी पुण्यात बसून करीत असे, आणि ते करायचे लक्षात ठेवणे ही माझीच जबाबदारी होती. ती एप्रिल-मेच्या दवाखान्याच्या धावपळीत माझ्याकडून चुकली. चूक माझी होती हे आधीच मान्य करतो, म्हणजे पुढचे बोलायला मी मोकळा.

आपल्याकडचा रिचार्जचा महिना २८ दिवसांचा असतो. तो इंग्रजी कॅलेंडरशी जुळत नाही आणि पंचांगाशीही नाही, कारण चांद्रमास झाला तरी तो साडेएकोणतीस दिवसांचा. परिणाम असा की दर खेपेला रिचार्जची तारीख दोन-तीन दिवस मागे सरकते आणि वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज भरावे लागतात. दूधवाला, पेपरवाला, सोसायटीचा मेंटेनन्स, विजेचे बिल, यांतला कोणीही २८ दिवसांनी दारात उभा राहत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा ठेवायला सांगितले, आणि कंपन्यांनी ते ठेवलेही. मात्र ॲप उघडल्यावर ते समोर येत नाहीत. समोर येतात ते रोज दीड-दोन जीबी डेटा आणि सोबत चित्रपटांच्या ॲपची वर्गणी देणारे पॅक. आईच्या फोनवर इंटरनेट चालत नाही. तिला हवे होते ते एवढेच की फोन वाजावा आणि तिला उचलता यावा, आणि तो पॅक शोधायला मला दर वेळी पडद्यावर बोट घासत शेवटपर्यंत जावे लागे.

मुदत संपली की आधी आपण करायचे कॉल बंद होतात आणि काही दिवसांनी आपल्याला येणारेही. यानंतरचा भाग मला तेव्हा माहीत नव्हता. ९० दिवस नंबरचा काहीच वापर झाला नाही, तर कंपनीला तो बंद करता येतो. येणारे कॉल कंपनीनेच थांबवल्यावर वापर होणार तरी कसा, हा प्रश्न कोणालाही पडावा, पण नियम तसा आहे. त्याच नियमात ग्राहकाच्या बाजूची एक तरतूदही आहे: २०१३ पासून, प्रीपेड खात्यात २० रुपये किंवा अधिक शिल्लक असेल तर केवळ वापर नाही म्हणून नंबर बंद करता येत नाही. वीस रुपये! मी वर्षानुवर्षे त्या नंबरवर दर २८ दिवसांनी रिचार्ज केले होते, आणि जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांचे दर वाढल्यावर हे किमान रिचार्ज दोनशे रुपयांना टेकले. पण पॅकचे पैसे हे पॅकचे असतात. त्यातला एक रुपयाही मुख्य शिलकीत जात नाही, आणि आईच्या मुख्य शिलकीत चार रुपये काही पैसे होते. त्या शिलकीत केव्हातरी एकदा तीस रुपये टाकून ठेवले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

अण्णांनी हा नंबर घेतला तेव्हा तो ‘लाइफटाइम’ होता. २००५ च्या अखेरीपासून ९९९ रुपयांत आयुष्यभर येणारे कॉल फुकट, अशा जाहिराती सुरू झाल्या होत्या, आणि शिक्षकाच्या काटकसरी वृत्तीला ती कल्पना इतकी पटली की जन्मात कधी हप्त्यावर वस्तू न घेतलेल्या अण्णांनी हजार रुपये एकरकमी मोजले. ज्यांना तो काळ आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो की मे २००३ पर्यंत मोबाइलवर आलेला फोन घेण्याचेही पैसे पडत, त्यामुळे ‘आयुष्यभर फुकट’ या शब्दांचे वजन तेव्हा फार मोठे होते. हे आयुष्य कोणाचे, असा प्रश्न तेव्हाही निघाला होता आणि २००६ मध्ये ट्रायने त्याचे उत्तर दिले होते: कंपनीचा परवाना, किंवा त्याचे नूतनीकरण, जोवर आहे तोवर. म्हणजे ते आयुष्य ग्राहकाचे नव्हतेच, परवान्याचे होते. पुढे २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी ३५ रुपयांचे किमान रिचार्ज आणले, ज्याच्याशिवाय येणारे कॉलही मिळेनात, आणि लाइफटाइम हा शब्द व्यवहारातून निघून गेला. अण्णा तोवर नव्हते. असते तर त्यांनी ग्राहक मंचाला आपल्या सुवाच्य अक्षरात सात पानी पत्र लिहिले असते याविषयी मला शंका नाही.

मामांचा फोन आला त्या दिवशी आम्ही एका कागदावर लिहायला बसलो की हा नंबर कुठेकुठे दिला आहे. आईचे आधार. कुटुंब निवृत्तिवेतन जमा होते ते बँकेचे खाते. गॅस. वीज. पोस्टातले बचत खाते. आरोग्य विमा. पॅन. रेशन कार्ड. गावातल्या दूध डेअरीची नोंदवही. दातांचा दवाखाना. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आले की आईच्या नावाने जे काही या जगात नोंदले गेले आहे त्या प्रत्येकापर्यंत जाणारी वाट त्या दहा आकड्यांवरून जाते, आणि ते दहा आकडे तिच्या नावावर कधीच नव्हते. सिम अण्णांच्या नावाचे होते. माणूस गेल्यावर त्याचे सिम वारसाच्या नावावर करून घेता येते, त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि आपली कागदपत्रे द्यावी लागतात. आम्ही जमीन, खाते, पेन्शन, वीज जोडणी सगळे रीतसर बदलून घेतले, पण फोन चालू होता, त्यामुळे त्याच्यातही बदलण्यासारखे काही आहे हे आठ वर्षांत आमच्या कोणाच्या डोक्यात आले नाही.

तरीही, नंबर परत मिळेल का हे पाहायला मी कंपनीच्या गॅलरीत गेलो. टोकन घेतले, थंडगार हवेत पाऊण तास बसलो. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकून पाहिला आणि हा नंबर दुसऱ्या ग्राहकाला दिला गेला असल्याचे सांगितले. आधीच्या ग्राहकाची काही तक्रार असेल तर, ती म्हणाली, “ज्यांच्या नावावर सिम होतं त्यांना एकदा घेऊन या, सर.” मी म्हणालो, ते वारले. तिने पडद्यावरून मान वर न करता विचारले, “मग त्यांचं आधार आहे का?” तिच्यावर माझा राग नाही. तिच्यासमोरच्या चौकटीत बहुधा तेवढेच दोन प्रश्न होते. कस्टमर केअरला लावलेल्या फोनवर मात्र एवढेही माणूसपण नव्हते; मराठीसाठी तीन दाबल्यावर एका हसऱ्या आवाजाने माझ्या स्वतःच्या नंबरची शिल्लक, मुदत आणि मला घेता येण्याजोग्या कॉलर ट्यून सांगितल्या, आणि दुसऱ्या नंबरविषयी बोलायचे असेल तर त्या नंबरवरून फोन करा, असे सुचवले.

खरी कोंडी विम्याची होती. दुसऱ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळावेत म्हणून आम्ही मे महिन्यात दावा दाखल केला होता. तो मंजूरही झाला नाही आणि नामंजूरही नाही, याचे कारण आता उलगडले. कंपनीला एक कागद कमी वाटला होता, तो मागणारा संदेश त्यांनी नोंदणीकृत नंबरवर पाठवला होता, तीनदा आठवण केली होती आणि उत्तर आले नाही म्हणून प्रकरण बंद केले होते. ते चारही संदेश कपाटातल्या साड्यांखाली, बॅटरी उतरलेल्या फोनकडे गेले होते. प्रकरण पुन्हा उघडायचे तर पोर्टलवर जायचे, पोर्टलवर शिरायचे तर नोंदणीकृत नंबरवरचा ओटीपी टाकायचा. नंबर बदलायची सोयही होती, ‘मोबाइल नंबर बदला’ असे ठळक निळ्या अक्षरांत लिहिले होते, आणि त्यावर दाबले की पुढचे पान म्हणत होते, आपल्या जुन्या नंबरवर पाठवलेला सहा अंकी कोड टाका. ज्याची किल्ली हरवली आहे त्याने ती किल्ली दाखवून कुलूप बदलून घ्यावे, अशी ही रचना. जुना नंबर हातात असलेला माणूस तो का बदलतो आणि नसलेला का बदलतो, यांतली दुसरी शक्यता ती रचना करणाऱ्यांच्या मनात आलीच नसेल, असे मानायला मन धजत नाही, कारण कंपन्यांचे लोक मूर्ख नसतात. सुरक्षा विभागाने सुरक्षेचा विचार केला असेल, आणि अडकलेल्या ग्राहकाचा विचार करणारा विभागच नसेल, एवढेच.

शेवटी मी त्या ट्रॅक्टरवाल्याला पुन्हा फोन केला. त्याला सगळी कथा सांगितली आणि म्हणालो, आत्ता तुमच्या फोनवर एक कोड येईल, तेवढा मला वाचून दाखवा. तो काही क्षण गप्प राहिला आणि मग शांतपणे म्हणाला, “साहेब, राग मानू नका, पण ओटीपी मागणारे समदे असंच म्हणतेत.”

याला काय उत्तर द्यावे? गेली कित्येक वर्षे प्रत्येक बँक, प्रत्येक संदेश, फोन लागण्याआधी वाजणारी प्रत्येक सूचना आपल्याला हेच शिकवत आली आहे, आणि हा माणूस ते नीट शिकला होता. माझी गोष्ट फसवणाऱ्याच्या गोष्टीसारखीच होती: वयस्कर आई, शस्त्रक्रिया, अडकलेले पैसे, घाई. माझ्या मुलीने असा फोन आल्यावर कोड सांगितला असता तर मी तिला झापले असते. मी काही बोलणार तेवढ्यात आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला विचारले, “बाळा, तू मूळचा कुठला?” तो बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातला निघाला. ऊसतोडीच्या टोळीबरोबर ट्रॅक्टर घेऊन कोल्हापूर जिल्ह्यात आला होता, हंगाम नुकताच सुरू झाला होता. आईने त्याच्या घरी कोण कोण आहे, बायको टोळीत आहे की गावी, मुलांच्या शाळेचे काय केले, रात्री कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, थंडी वाजते का, हे सगळे विचारून घेतले. पाचएक मिनिटांनी तिने कोडाविषयी चकार शब्द न काढता फोन माझ्याकडे परत दिला, आणि तो म्हणाला, “पाठवा म्हणा कोड.”

नियमाप्रमाणे त्याने चूक केली आणि ती मी त्याच्याकडून करवून घेतली. हे लिहिताना मला ते अजूनही टोचते.

त्याच्याशी नंतर दोन-तीनदा बोलणे झाले तेव्हा समजले की या व्यवहारात त्याचेही नुकसान चालले होते. त्याचा आधीचा नंबर आमच्यासारखाच गेला होता. हंगाम संपून गावी गेल्यावर हातात पैसा नसतो, दर २८ दिवसांनी दोनशे रुपये घालवायचे त्याच्या जिवावर येते, मग पावसाळ्यात सिम बंद पडते आणि पुढच्या हंगामाला तो नवे घेतो. टोळीतल्या निम्म्याअधिक लोकांचे असेच होते, असे तो म्हणाला. मुकादमाच्या वहीत एकेका नावापुढे तीन-तीन नंबर खोडलेले असतात. या नव्या नंबरवर त्याने पैसे पाठवायचे ॲप सुरू करायला घेतले तर त्यात त्याने निवडलेल्या बँकेतले एक खाते आपोआप दिसू लागले, जे त्याचे नव्हते. ते आईचे होते. दोघांची बँक एकच निघाली, आणि हे ॲप नंबरावरून खाते शोधते. पिन ठरवायला डेबिट कार्डाचे आकडे किंवा आधारचा ओटीपी लागतो म्हणून पुढे काही झाले नाही. पण आधारचा ओटीपीसुद्धा त्याच सिमवर जाणार होता, हे लक्षात आल्यावर मला रात्री झोप लागली नाही. माणूस सरळ होता, एवढाच काय तो आमच्या आणि आईच्या पेन्शनच्या मधला आडणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घेऊन आधार केंद्रावर गेलो. आधारवरचा मोबाइल नंबर बदलायला जुना नंबर लागत नाही, ही या सगळ्या प्रवासातली पहिली शहाणी गोष्ट म्हणावी लागेल. तेव्हा माणूस प्रत्यक्ष समोर लागे आणि त्याच्या बोटांचे ठसे लागत. फी तेव्हा ५० रुपये होती. अडचण ठशांची आली. पन्नास वर्षे चुलीची राख, भांडी आणि शेतातले गवत यांत गेलेल्या बोटांवर यंत्राला वाचण्यासारख्या रेषा उरलेल्या नव्हत्या. ऑपरेटरने ओल्या फडक्याने बोटे पुसली, मग कोरडी केली, मग एकेक बोट दाबून पाहिले. आई म्हणाली, “जाऊ दे रे, मी हाय ही तुला दिसतीय न्हवं.” तो हसला आणि म्हणाला, मला दिसता हो आजी, यंत्राला दिसत नाही. शेवटी डाव्या हाताच्या अनामिकेने साथ दिली. नवे सिम या वेळी आईच्याच नावावर घेतले होते, आणि काही दिवसांत आधारवर नवा नंबर आला.

त्यानंतरची कामे भराभर सांगतो. बँकेने खाते गावच्या शाखेतले असल्यामुळे तिकडे जायला सांगितले. एक दिवस मोडला, अर्ज दिला, काम झाले. गॅस एजन्सीत पाच मिनिटे लागली. महावितरणकडे बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून नव्या फोनवरून नोंद करता आली, त्यात कुठेही जुना नंबर आडवा आला नाही. डेअरीवाल्याने वहीत खाडाखोड करून नवा नंबर लिहिला आणि आईला चहा पाजला.

सगळ्यात जास्त वेळ आईला लागला. जुना नंबर तिला पाढ्यासारखा पाठ होता, तीन, तीन आणि चार अशा तुकड्यांत ती तो एका लयीत म्हणत असे, आणि गावच्या घरात फडताळाच्या दारावर अण्णांनी तो रंगाने लिहून ठेवला आहे. नवा नंबर तिच्या जिभेवर बसेना. आता तो कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला आहे, आणि डिसेंबर संपला की दर वर्षी नव्या कॅलेंडरवर उतरवून घ्यावा लागतो.

एकदा हे प्रकरण अंगावर आल्यावर मी त्याच्याविषयी वाचत गेलो. नोव्हेंबर २०२३ मध्येच हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. तेव्हा ट्रायने सांगितले की बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, आणि जुन्या नंबरशी जोडलेल्या आपल्या व्हॉट्सॲपची काळजी ग्राहकाने स्वतः घ्यावी, असा एकूण निष्कर्ष निघाला. व्हॉट्सॲपची स्वतःची पद्धत अशी की एखादे खाते ४५ दिवस वापरात नसेल आणि मग तोच नंबर दुसऱ्या फोनवर सुरू झाला, तर जुना मजकूर काढून टाकला जातो. म्हणजे गप्पांच्या ॲपला नंबर फिरतात हे ठाऊक आहे. बँकांसाठीही बंद नंबरांची एक यादी ट्रायच्या पुढाकाराने निघते. ती नियमित तपासून आपल्या नोंदी निदान आठवड्यातून एकदा अद्ययावत करा, असे बंधन यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बँका आणि ॲपवर घातले ते ३१ मार्च २०२५ पासून. आमच्या घोळानंतर चार महिन्यांनी. ज्यांच्या फोनवर इंटरनेट नाही त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक द्या आणि अशा पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस करा, हा ट्रायचा आदेश २३ डिसेंबर २०२४ चा. आमच्या घोळानंतर एका महिन्याने. असे पॅक जानेवारीत आलेही, चौऱ्याऐंशी दिवसांचे साडेचारशेच्या घरात आणि वर्षाचे दोन हजारांच्या आतबाहेर. आईला वर्षाचाच घेऊन दिला.

पण पॅकची किंमत हा माझ्या तक्रारीचा लहान भाग आहे. दूरसंचार खात्याच्या दृष्टीने नंबर ही मर्यादित राष्ट्रीय संपत्ती आहे, ती पडून राहू नये, फिरत राहावी, आणि त्यात काही गैर नाही. दहा आकड्यांत मावणारे नंबर मोजकेच. कंपनीच्या दृष्टीने तो २८ दिवसांच्या भाड्याची खोली आहे. आणि बँक, विमा, गॅस, सरकारी योजना या सगळ्यांनी मात्र त्या भाड्याच्या खोलीचा पत्ता आपल्या दप्तरी कायमचा पत्ता म्हणून लिहून घेतला आहे. रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांसाठी २००९ मध्ये दुसरी खातरजमा सक्तीची केली तेव्हापासून ओटीपी आपल्या अंगवळणी पडला, आणि मग ज्याला त्याला तोच सोपा वाटला. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत लाभार्थी बाईबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला जाऊ लागला, तेव्हा आमच्या भागातल्या सेवा केंद्राबाहेर उभ्या असलेल्या बायकांच्या रांगेकडे पाहताना मला गॅलरीतली ती मुलगी आठवली. ज्यांचे पतीही नाहीत आणि वडीलही नाहीत त्यांना पुढे मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे देण्याची वाट करून दिली गेली आणि मुदतही डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली. पण आधी सगळ्यांकडून ओटीपी मागायचा आणि मेलेल्या माणसाच्या फोनवर तो जातो हे नंतर लक्षात घ्यायचे, हा क्रम सगळीकडे सारखाच.

विम्याचे पैसे जानेवारी २०२५ मध्ये मिळाले. मी त्या ट्रॅक्टरवाल्याला हे कळवले तेव्हा त्याला मनापासून आनंद झाला. त्यानंतरही तो अधूनमधून फोन करी: आजीच्या नावाचा कसला तरी मेसेज आलाय, इंग्रजीत आहे, फोटो पाठवू का. त्याचा फोन आला की माझ्या पडद्यावर ‘अण्णा’ असे नाव येई आणि पहिल्या क्षणाला अजूनही चुकल्यासारखे होई.

मार्चच्या अखेरीस एका संध्याकाळी असाच ‘अण्णां’चा फोन आला. कारखान्याचा पट्टा पडला होता, म्हणजे हंगाम संपला होता, आणि टोळी गावी निघाली होती. तो म्हणाला, “साहेब, आता ह्या नंबरवर मी काय रिचार्ज मारत नाही. उद्या मुदत संपतीय. आजीचं काही राहिलं असंल तर आजच सांगा.” मी कागद काढून पाहिला. सगळ्या नावांपुढे बरोबरच्या खुणा होत्या, फक्त पोस्टातले बचत खाते राहून गेले होते. गावच्या पोस्टात जायला मला आठ दिवस तरी हवे होते. मी त्याला थांबायला सांगितले, ॲप उघडले, डेटाचे आणि चित्रपटांचे सगळे पॅक ओलांडत खाली गेलो, आणि अण्णांच्या नंबरवर २८ दिवसांचे रिचार्ज केले.